तलवारीच्या मुठीवरून बोटावर: मोकुमे-गानेची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. जपानी नावं ऐकताना निसटतात, म्हणून ती इथे नीट लिहून दिली आहेत.)

कुणी लोकलमध्ये उभं असेल, कुणी भांडी घासत ऐकत असेल, कुणी झोप येत नाही म्हणून. सगळ्यांचं स्वागत.

आजची गोष्ट एका अंगठीपासून सुरू होते. इन्स्टाग्रामवर लग्नाच्या अंगठ्यांची रील्स बघत असाल तर कधीतरी ही समोर आली असेल. सोन्या-चांदीची अंगठी, पण तिच्यावर सागवानी फळीवर असतात तशा रेषा. कुठे लाटा, कुठे डोळ्यासारखे गोल. रंगवलेलं नाही, कोरलेलंही वाटत नाही. नक्षी धातूच्या आतूनच वर आलीय असं दिसतं. आणि खाली लिहिलेलं असतं: ‘सामुराईंच्या काळापासूनची पारंपरिक जपानी अंगठी.’

या एका ओळीत अर्धं खरं आहे आणि अर्धं खोटं. तंत्र खरंच सामुराईंच्या काळातलं आहे. पण सामुराई अशी अंगठी घालत नव्हते. खरं सांगायचं तर सामुराई अंगठीच घालत नव्हते! मग तलवारीसाठी जन्मलेली ही कला बोटावर कशी येऊन पोचली? मधल्या तीनशे वर्षांत काय झालं? आज तेच बघू.

नावात गाणं नाही

आधी नाव. मोकुमे-गाने. आपल्या कानाला यात ‘गाणे’ ऐकू येतं, पण त्याचा काही संबंध नाही. ‘मोकुमे’ म्हणजे लाकडाच्या रेषा आणि ‘काने’ म्हणजे धातू. जोडशब्दात ‘काने’चं ‘गाने’ होतं. थोडक्यात, लाकडासारखा दिसणारा धातू.

कल्पना सोपी आहे. गोव्याची बेबिंका खाल्ली आहे ना? एकावर एक थर. आता समजा, त्या बेबिंकेत वरून चमच्याने खड्डा केला, तर खड्ड्याच्या भिंतीवर सगळे थर गोल गोल रेषांसारखे दिसतील. मोकुमे-गानेमध्ये हेच होतं, फक्त थर तांब्याचे, चांदीचे, सोन्याचे असतात. वेगवेगळ्या रंगांचे पत्रे एकावर एक रचायचे, ते एकजीव करायचे, ठोकून पातळ करायचे, मग छिन्नीने खोदून खालचे थर उघडे पाडायचे आणि पुन्हा ठोकून सपाट करायचं. खड्डा भरून निघतो, पण उघडे पडलेले थर रेषा होऊन तिथेच राहतात. नकाशात डोंगर दाखवायला उंचीच्या रेषा काढतात ना, दिसायला अगदी तसं.

दुसरी रीत उलटी. मागच्या बाजूने ठोकून पुढे टेंगळं आणायची आणि वर आलेले शेंडे कानशीने घासून काढायचे. पुन्हा थर उघडे.

बरेच दुकानदार याला ‘दमास्कस’ म्हणतात, तो घोळही इथेच मिटवू. दमास्कसच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या तलवारी पोलादाच्या. त्यातल्या जुन्या नामांकित पात्यांसाठी दक्षिण भारतात, आजच्या तेलंगणासारख्या भागात, मुशीत बनवलेलं पोलाद जायचं आणि त्याची नक्षी पोलादाच्या आतल्या घडणीतून उमटायची. मोकुमे-गानेमध्ये लोखंड नाहीच. हा तांबं, चांदी आणि सोन्याचा खेळ आहे.

शांततेच्या काळातली तलवार

आता जाऊ सतराव्या शतकातल्या जपानमध्ये. 1603 मध्ये तोकुगावा घराण्याचं राज्य सुरू झालं आणि 1615 नंतर मोठ्या लढाया जवळजवळ थांबल्या. पुढची अडीचशे वर्षं शांतता. आता गंमत बघा. लढाई नाही, पण कमरेला तलवार आहेच, कारण ती सामुराईची ओळख. मग तलवारीचं काम बदलतं. कापण्यापेक्षा दिसण्याला किंमत येते.

जपानी तलवारीत मूठ आणि पातं यांच्या मध्ये एक चकती असते, तिला ‘त्सुबा’ म्हणतात. म्यानाच्या बाजूला खोचलेली एक छोटी सुरी असते, तिच्या मुठीला ‘कोझुका’ म्हणतात. हे भाग सुटे होतात, बदलता येतात. आज आपण मोबाईलचं कव्हर बदलतो तसे ऋतूप्रमाणे, समारंभाप्रमाणे हे बदलायचे. एक मोठा बाजारच उभा राहिला.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. जपानमध्ये अगदी प्राचीन काळी कानातली, माळा, अंगठ्या होत्या, थडग्यांमध्ये त्या सापडतात. पण साधारण आठव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत, म्हणजे हजारेक वर्षं, अंगावर दागिने घालण्याची पद्धत जवळपास नाहीशी झाली होती. बायका केसांत कंगवे आणि पिना घालत, तेवढंच. आपल्याकडे पाटल्या, नथ, जोडवी, गोफ यांशिवाय सण होत नाही, त्यामुळे हे ऐकायला विचित्र वाटतं. पण म्हणूनच तिथली बारीक धातुकला दागिन्यांऐवजी तलवारीच्या सामानात गेली. त्या काळच्या जपानी पुरुषाची अंगठी कुठली म्हणाल तर ती त्सुबा.

अकिताचा देन्बेई

उत्तर जपानमध्ये अकिता नावाचा प्रांत आहे, बर्फाळ आणि खाणींचा. तिथे सताके घराण्याच्या सरदारांच्या आश्रयाला एक कारागीर होता, शोआमी देन्बेई. जन्म 1651, मृत्यू 1728. मोकुमे-गानेचं श्रेय परंपरेने त्याला दिलं जातं.

त्याला कल्पना सुचली ती लाखेच्या कामावरून. चीनमधून एक प्रकार जपानमध्ये आला होता: लाल आणि काळ्या लाखेचे थर एकावर एक चढवायचे आणि मग इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या चरा खोदायच्या. चरेच्या दोन्ही उतारांवर लाल-काळे पट्टे दिसतात. जपानमध्ये या नक्षीला ‘गुरी’ म्हणत. देन्बेईने ठरवलं, हेच धातूत करायचं. सुरुवातीच्या त्याच्या कामाला नावही ‘गुरी-बोरी’ असंच होतं, म्हणजे गुरीचं कोरीवकाम. पुढे चरा ठोकून सपाट करण्याची पायरी आली आणि लाकडाच्या रेषांसारखी नक्षी जन्माला आली.

वाटतं तितकं हे सोपं नव्हतं. लाखेचा थर वाळला की पुढचा लावता येतो. धातूचे पत्रे मात्र नुसते एकमेकांवर ठेवून चिकटत नाहीत.

भट्टीतला तो एक क्षण

इथे थोडं विज्ञान, पण घाबरू नका.

आपला सोनार दोन तुकडे जोडायला डाख लावतो, म्हणजे कमी तापमानाला वितळणारा वेगळा धातू मध्ये घालतो. मोकुमे-गानेच्या अस्सल रीतीत डाख नाही. कारण नंतर हा गठ्ठा शेकडो घाव खाणार, पुन्हा पुन्हा तापणार. डाखाचा थर त्यात दगा देतो.

मग जोड कसा होतो? पत्रे आधी आरशासारखे स्वच्छ करायचे. बोटाचा तेलकट ठसासुद्धा चालत नाही, तिथे जोड कच्चा राहतो. मग ते लोखंडी पट्ट्यांमध्ये घट्ट आवळायचे आणि कोळशाच्या भट्टीत ठेवायचे. तापले की दोन्ही धातूंचे अणू सीमा ओलांडून एकमेकांच्या घरात शिरतात आणि पत्रे एकजीव होतात.

धोका कुठे आहे? शुद्ध चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबं 1085 ला. पण दोन्ही एकमेकांना चिकटून असतील तर त्यांच्या सीमेवर साधारण 780 अंशालाच रस तयार होऊ लागतो! मिश्रणाचा वितळणांक दोन्ही धातूंपेक्षा खाली असतो. म्हणजे कमी तापवलं तर थर सुटणार, जास्त तापवलं तर महिनाभराची मेहनत एका गोळ्यात जमा. थर्मामीटर नव्हता. कारागीर थरांच्या कडेकडे बघत बसायचा. कड ओलसर चमकली, तिला घाम फुटल्यासारखं दिसलं, की गठ्ठा बाहेर. तो क्षण डोळ्यांनीच ओळखायचा. गुरूच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं बघितल्याशिवाय तो कळत नाही.

पुढे ठोकणं. प्रत्येक फेरीनंतर धातू कडक होतो, म्हणून पुन्हा लाल करून मऊ करायचा. घाई केली की एखादा थर कडेने उकलतो, आणि उकललेला थर पुन्हा बसत नाही.

मुळ्याचा रस आणि काळं सोनं

पण मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग पुढे आहे.

जपानी कारागिरांकडे काही खास मिश्रधातू होते. एक ‘शाकुदो’: तांब्यात साधारण 3 ते 5 टक्के सोनं. दुसरा ‘शिबुइची’. ‘शि’ म्हणजे चार, ‘बु’ म्हणजे भाग, ‘इची’ म्हणजे एक. चार भागांतला एक भाग चांदी, बाकी तांबं. घासून पॉलिश केल्यावर हे फार वेगळे दिसत नाहीत. शाकुदो तर साध्या तांब्याचाच भाऊ वाटतो. मग त्यात महागडं सोनं कशाला घातलं?

उत्तर शेवटच्या पायरीत. वस्तू एका द्रावणात उकळतात. त्यात ‘रोकुशो’ नावाचं, तांब्यापासूनच बनवलेलं हिरवं रसायन असतं. आणि उकळण्याआधी वस्तूला किसलेला मुळा लावतात! हो, आपण कोशिंबिरीला किसतो तोच, फक्त जपानी जातीचा. त्याने पृष्ठभागावर रंग सारखा चढतो. द्रावणात तांबं तांबूस-नारिंगी होतं, शिबुइची राखाडी होते, आणि शाकुदो होतो गडद निळसर-काळा, कावळ्याच्या पंखासारखा. तो काळा रंग त्या चिमूटभर सोन्यामुळे येतो.

विचार करा, आपण सोनं घालतो ते पिवळं दिसावं म्हणून. इथे सोनं घातलंय ते काळं दिसावं म्हणून! त्या एकाच स्नानात लपलेली नक्षी उजेडात येते. तोवर कारागीरसुद्धा ती पूर्णपणे बघू शकत नाही.

28 मार्च 1876

आता गोष्टीतला घाव.

1853 मध्ये अमेरिकन आरमार जपानच्या किनाऱ्यावर आलं, 1868 मध्ये तोकुगावांची सत्ता गेली आणि मेइजी सम्राटाच्या नावाने नवं सरकार आलं. या सरकारला देश आधुनिक करायचा होता. 28 मार्च 1876 रोजी हुकूम निघाला: सैनिक, पोलीस आणि समारंभी पोशाखातले अधिकारी सोडून कुणीही सार्वजनिक ठिकाणी तलवार लावायची नाही.

एका कागदाने बाजार संपला. तलवार घडवणारा, म्यान करणारा, मुठीला दोरा गुंडाळणारा, त्सुबा कोरणारा, सगळ्यांचा. त्यांचं कौशल्य एका रात्रीत कमी झालं नव्हतं. हात तेच होते, डोळे तेच होते. गिऱ्हाईक गेलं. मंडळी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कला मरते तेव्हा आपण म्हणतो, ‘कारागीर राहिले नाहीत.’ बऱ्याचदा कारागीर असतात, त्यांना काम देणारं कुणी नसतं.

काही जण सावरले. कानो नात्सुओ हे तलवारीचं सामान कोरणारं मोठं नाव. नव्या सरकारने त्यांना नव्या नाण्यांच्या साच्यांच्या कामाला घेतलं आणि पुढे ते टोकियोच्या ललित कला विद्यालयात प्राध्यापक झाले. इतर अनेक जण परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या, डबे, चहाची भांडी करू लागले. 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात जपानी वस्तूंचं कौतुक झालं होतं, आणि 1874 मध्ये सरकारच्या पाठिंब्याने अशा वस्तू निर्यात करणारी कंपनीही निघाली. पण मोकुमे-गाने हे मुळातच थोड्यांचं काम होतं. शिकायला इतकी वर्षं आणि विकायला इतकं अवघड. ते करणारे हात कमी कमी होत गेले.

पश्चिमेला वेड लागतं

गंमत म्हणजे जपानमध्ये दिवा मंद होत असताना बाहेर लोक चकित होऊन बघत होते. राफाएल पम्पेली नावाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाला तोकुगावा सरकारने खाणींच्या कामासाठी बोलावलं होतं. त्याने 1866 मध्ये जपानी मिश्रधातूंवर टिपण छापलं. न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीत चांदीकामाचे प्रमुख एडवर्ड मूर जपानी वस्तू जमवायचे. त्यांच्या कारखान्यात थरांच्या धातूचे प्रयोग झाले आणि 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात टिफनीच्या जपानी वळणाच्या चांदीकामाला मोठं पारितोषिक मिळालं.

लंडनला सरकारी टांकसाळीत विल्यम चँडलर रॉबर्ट्स-ऑस्टिन नावाचे रसायनतज्ज्ञ होते. त्यांना जपानी धातूंच्या रंगांचं प्रचंड कुतूहल, त्यावर ते भाषणं देत. आणि याच माणसाने 1896 मध्ये मोजून दाखवलं की सोन्याचे अणू न वितळलेल्या, घन शिशातून पुढे सरकतात. अणू सीमा ओलांडतात ही जी गोष्ट देन्बेईच्या गठ्ठ्यात होत होती, तिचं पहिलं नेमकं मोजमाप त्याच्या मृत्यूनंतर 168 वर्षांनी झालं. हाताला आधी कळलं, पुस्तकाला नंतर.

तरी पश्चिमेला मूळ रीत नीट जमली नाही. बरेच जण थर डाखाने चिकटवत आणि ते मध्येच उकलत.

अकिताहून अमेरिकेला

1970 च्या सुमाराला युजीन पिजानोव्स्की आणि हिरोको सातो पिजानोव्स्की हे कलाकार जोडपं जपानमध्ये होतं. त्यांनी एका प्रदर्शनात मोकुमे-गानेची वस्तू बघितली आणि तिचा कर्ता शोधला. तो होता ग्योकुमेई शिंदो. कुठला? अकिताचा! देन्बेईच्याच गावचा. त्याच्याकडून ते शिकले, अमेरिकेत परतले आणि त्यांनी मोठी गोष्ट केली: रीत लपवून ठेवली नाही. कार्यशाळा घेतल्या, लेख लिहिले, विद्यार्थ्यांना दाखवलं.

तिथून धागा पसरला. अमेरिकन कारागिरांनी कोळशाऐवजी विजेच्या भट्ट्या आणल्या, ज्यात तापमान ठरवता येतं. गठ्ठा 780 अंशाच्या खाली तासन् तास ठेवायचा, घाम फुटायची वाटच बघायची नाही. आणि त्यांनी या धातूला नवं रूप दिलं ते अंगठीचं. जपानमध्येही लग्नाची अंगठी रुळली ती विसाव्या शतकात, तेव्हा तिथल्या कारागिरांनीही हीच वाट धरली. काही ठिकाणी तर एकाच तुकड्यातून दोन अंगठ्या घडवतात, शेवटचा सांधा नवरा-नवरीने हाताने तोडून वेगळा करायचा. नक्षी एकाची दुसऱ्यात पुढे जाते.

अंगठी करायच्या मुख्य रीती दोन. एक, पत्रा वाकवून टोकं जोडायची. यात जोडावर नक्षी तुटते. दुसरी, थरांची कांडी पिळायची, मधोमध चीर पाडायची आणि ती चीर फाकवत फाकवत गोल करायची. यात जोडच नाही.

मिळालं काय, गेलं काय

आता सुरुवातीच्या जाहिरातीकडे येऊ. ‘पारंपरिक जपानी अंगठी.’

बोटाला घाम येतो, अंगठी घासली जाते. शाकुदोचा काळा रंग बोटावर टिकत नाही आणि तांब्याने कातडी हिरवी पडते. म्हणून आजच्या अंगठ्यांमध्ये बहुतेक वेळा सोनं, पॅलेडियम, प्लॅटिनम आणि चांदी असते. चांदीलाही सांभाळावं लागतं: सोन्याला चिकटलेली चांदी घामात हळूहळू झिजून चरा पडू शकतात. म्हणजे थर टिकले, पण मुळ्याचं स्नान आणि काळं सोनं अंगठीतून बहुतेक गेलं. माझ्या मते या कलेतलं ते सर्वांत जपानी अंग होतं.

मग ही अंगठी नकली म्हणायची का? मला नाही वाटत. देन्बेईनेही चिनी लाखेची नक्षी उचलून धातूत आणली होती. तेव्हा कुणीतरी म्हणालं असेलच की ही काही खरी गुरी नव्हे. वस्तू बदलत राहिली: लाखेचा डबा, कोझुका, फुलदाणी, अंगठी. टिकलं ते थर एकजीव करायचं ज्ञान, तेही जेमतेम. शिंदोला कुणी विचारायला गेलंच नसतं, आणि शिकणाऱ्यांनी ते वाटून टाकलं नसतं, तर आज आपण हा भाग एखाद्या हरवलेल्या कलेवर करत असतो. जपानमध्ये हे काम आजही जिवंत आहे. निइगाताच्या त्सुबामे गावचे नोरिओ तामागावा ठोकून घडवलेल्या भांड्यांमध्ये मोकुमे-गाने वापरतात, आणि त्यांना 2010 मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान मिळाला.

जाता जाता एक कामाची गोष्ट. कधी अशी अंगठी घ्यायची झाली तर तिची कड बघा. खऱ्या अंगठीत थर कडेलाही दिसतात, कारण ते आरपार असतात. नक्षी फक्त वरच्या बाजूला असेल आणि कड कोरी असेल तर ती वरून उमटवलेली असू शकते. दुकानदाराला विचारा: थर डाखाने जोडलेत का? कोणते धातू आहेत? चांगला कारागीर या प्रश्नांवर खूश होतो.

आणि तुमच्या गावात, तुमच्या आळीत असा कुणी असेल, ज्याला येणारी गोष्ट आता फारसं कुणी विचारत नाही, तर या रविवारी त्याच्याकडे जा. मोबाईल खिशात ठेवा आणि आधी नुसतं बघा.

भाग आवडला तर अंगठी घ्यायच्या विचारात असलेल्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!